ताशी शहाण्णवचे आप्पा

आमच्या गंगाखेडात लग्नाची तारीख धरताना आधी मठाच्या स्वामींना विचारतात, मग मंगल कार्यालयाला, आणि तिसरं सोमेश्वर आप्पांना. पहिल्या दोघांचा होकार येऊनही आप्पा अडले म्हणून तारीख पुढं गेल्याची उदाहरणं आहेत. कारण नवरी निघायची ती आप्पांच्याच गाडीतून.

यावरून आप्पांकडं काही दांडगी गाडी असेल असं कुणाला वाटेल. तसलं काही नाही. साबणाच्या वडीएवढी पांढरी गाडी. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानातले हंडे आणि बाहेरची गाडी आप्पा एकाच फडक्यानं पुसतात, आणि दोन्हींची चमक सारखीच आहे. ख्याती गाडीची नव्हे, चालवण्याची. आणि चालवण्याची म्हणजे खरं तर न चालवण्याची. ताशी पस्तीस. उतार लागला तर चाळीस, आणि तो दोष उताराचा. गतिरोधक दिसला की आप्पा लांबूनच गाडी थांबवतात, त्याच्याकडं बघतात, त्याचा स्वभाव ओळखतात, आणि मग म्हैस पाण्यात उतरावी तशी गाडी त्याच्यावरून नेतात. आतल्या नवरीच्या पोटातलं पाणी हलत नाही. मुंडावळ्या जिथल्या तिथं. रडून काजळ ओघळलं तर तेवढं आप्पांच्या हातात नाही.

म्हणून आयाबायांचा आप्पांवर फार जीव. पहिलटकरणीला दवाखान्यात न्यायचंय, आप्पांना सांगा. मोतीबिंदू काढलेली म्हातारी आणायचीय, आप्पांना सांगा. पैसा घेत नाहीत. टोपी, उपरणं, नारळ एवढंच. आणि गाडी निघताना नवरीच्या आईनं खिडकीशी येऊन म्हणायचं, "आप्पा, लेक तुमच्या हवाली." या एका वाक्यासाठी हा माणूस ऐन लग्नसराईत भांड्यांचं दुकान बंद ठेवतो. लग्नसराईत भांड्यांचं दुकान! आमच्या गावात व्यापारबुद्धी किती आहे ते यावरून कळावं.

पुरुषमंडळींचं मत अर्थातच वेगळं. चौकातल्या दत्ताच्या पानटपरीवर आप्पांचं नाव गोगलगाय. टपरीवरच्या एकाकडंही गाडी नाही, पण वेगाबद्दल प्रत्येकाची पक्की मतं आहेत. "आप्पा परभणीला निघालेत म्हणं. संक्रांतीला निघाले, पाडव्याला पोचतेल." आप्पांच्या बायको चन्नबसम्माकाकू तर उघडच म्हणायच्या, "ह्यांच्यासंगं परभणीला जायचं तर दोन वेळचा डबा घ्यावा." आप्पा हसायचे. सगळ्यांना वाटायचं, किती शांत माणूस. चाळीस वर्षं गोगलगाय म्हणवून घेतलेला माणूस आतून किती शांत असतो, ते आम्हाला पुढं कळलं.

आप्पांच्या शेजारचा गाळा माझा. मी सुगत. बी.एस्सी. झालो आणि मग विज्ञानाचा जो काही उपयोग गंगाखेडात करता येतो तो करायला लागलो, म्हणजे मल्टिसर्व्हिसेस टाकलं. आधार, पॅन, सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला. लोक आपला फोन माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, "ह्यात काय आलंय बघ." त्यांच्या फोनमध्ये काय आलंय ते त्यांच्याआधी मला कळतं. आप्पा एरवी मला "ए सुगत" म्हणतात. काम असलं की "सुगतराव".

तर एका सकाळी आप्पा आले. "सुगतराव, हे बघा बरं. सरकारकडून काहीतरी आलंय."

मी बघितलं. "आप्पा, चलान आहे. वेगाचं."

आप्पांचा चेहरा पडला. "हळू चालवल्याचं बी चलान लावायलेत का आता?"

"हळू नाही, जोरात. ताशी शहाण्णव."

आप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग मागं वळून बघितलं. दुकानात आणखी कुणी आप्पा असतील असं त्यांना वाटलं बहुतेक.

मी फोटो उघडला. जागा झरीच्या अलीकडची, जिंतूर रोडवरची. आदल्या आठवड्यात आप्पांनी झरीला एक नवरी पोचवली होती. आता झरीला असा रिवाज आहे की नवरीची गाडी गावाच्या शिवेवर आली की खिडकीतून नारळ द्यायचा. तो घ्यायला लिंबाजी नावाचा एक म्हातारा तिथं उभा असतो, आणि शिवेच्या दगडावर तो नारळ फोडतो. पण शिवेवर नवरीची गाडी थांबली तर अपशकुन. म्हणून गाडी थांबवायची नाही, चालण्याच्या बेतानं न्यायची, आणि लिंबाजीनं खिडकीला हात लावून बरोबर चालायचं. नारळ हातात पडला की त्यानं बाजूला व्हायचं.

फोटोत नेमकं तेच होतं. आप्पांची गाडी, नंबर स्वच्छ. खिडकीवर लिंबाजीचा एक हात, दुसऱ्या हातात नारळ. धोतराचा सोगासुद्धा उडालेला नाही. आणि गाडीला घासून पुढं निघालेली एक काळी जीप, निम्मी चौकटीत, निम्मी बाहेर. शहाण्णव होते ते त्या जीपचे. यंत्राला नंबर दिसला आप्पांचा.

"आप्पा, हे तर दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. "ऑनलाइन तक्रार टाकतो. फोटोच पुरावा. लिंबाजी शहाण्णवच्या वेगानं चालत असेल तर त्याला इथं कशाला ठेवलाय, देशाकडून शर्यतीला धाडायला पाहिजे."

आप्पा स्क्रीनजवळ तोंड नेऊन आकड्याकडं बघत राहिले.

"सुगतराव, एस.टी. किती पळती?"

"साठ. फार तर सत्तर."

"म्हणजे मी एस.टी.च्या पुढं."

"तुम्ही नाही आप्पा, जीप."

"पण नाव माझंच हाय न्हवं कागदावर?" आप्पांनी घसा खाकरला. "प्रिंट काढा. रंगीत. आकडा मोठा येऊ द्या." आणि मग जरा बाजूला बघत, "ते लिंबाजी कापता येतंय का त्यातून?"

पुराव्यातून पुरावाच कापून मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं. गिऱ्हाईक म्हणजे देव, असं माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय. मी लिंबाजी कापला. जीपही कापली.

तो कागद घेऊन आप्पा टपरीवर गेले आणि "बघ रे, सरकार उगंच तरास द्यायलंय" असं म्हणत दत्ताच्या हातात दिला. त्रास झालेला माणूस इतका खूश मी कधी बघितला नव्हता.

टपरीवरची पोरं काही दुधखुळी नव्हती. आप्पांनी शहाण्णवनं गाडी मारली यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण आमच्या गावात विश्वास नसला तरी सत्कार करता येतो. किंबहुना विश्वास नसला की तो जास्त थाटात करतात. तिसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. मधे आप्पांचा गॉगल घातलेला फोटो. गॉगल आप्पांच्या डोळ्यांवर कॉम्प्युटरनं बसवलेला, जरा तिरका. मागं पळणारा चित्ता. खाली मजकूर: "वेगाचे बादशहा मा. श्री. सोमेश्वर आप्पा यांच्या ताशी ९६ वेगाची शासनदरबारी नोंद झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" आणि त्याखाली शुभेच्छुकांची इतकी तोंडं की चित्त्याचे पाय झाकले गेले.

कुणाही शहाण्या माणसानं त्या बॅनरकडं बघून दुकानाचं शटर ओढून घेतलं असतं. आप्पांनी नवा सदरा घातला. बॅनरखाली उभे राहिले, शाल घेतली, नारळ घेतला, फेटा बांधून घेतला. वर चार शब्दही बोलले. "गाडी आपल्या कह्यात असल्यावर आकड्याला काय भ्यायचं?" पोरांनी शिट्ट्या मारल्या. दत्तानं त्याचं चित्रण केलं, आणि संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभर फिरलं. चन्नबसम्माकाकूंनी दारातनं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "फेटा तरी काढा, जेवायला बसायचंय."

पंधरा-वीस दिवस आप्पा बादशहा होते. चालही बदलली होती. गाडीची नव्हे, त्यांची. गाडी पस्तीसवरच होती. मधे मी दोनदा म्हणालो, "आप्पा, तक्रारीची मुदत संपेल." ते म्हणाले, "राहू दे की गड्या, काय घाई हाय?" आयुष्यात पहिल्यांदाच वेगवान ठरलेल्या माणसाला घाई नव्हती.

या दिवसांत त्यांना एक गोष्ट दिसली नाही. गल्लीतल्या एका पहिलटकरणीला कळा लागल्या तर तिची सासू आप्पांच्या दारावरून पुढं गेली आणि दुसरी गाडी ठरवली. एका नवरीकडच्यांनी नारळ देऊन परत नेला. "आप्पा, तुमी आता मोठे झालात, तुमाला कशाला तरास," म्हणाले. आप्पांना तो मानच वाटला.

मग महेश्वरीताई आल्या. आप्पांची धाकटी बहीण. तिच्या लेकीचं, वैजयंतीचं लग्न झरीतल्याच घरी ठरलं होतं, आणि ती मामाच्या गाडीतून निघणार हे तिच्या बारशापासून ठरलेलं. वैजयंती लहान असताना भांड्यांच्या दुकानात पातेल्यात बसायची आणि म्हणायची, "मामा, झरी आली का?" तेव्हा झरीचा संबंधही नव्हता, पण पोरीला नाव आवडायचं. या लग्नासाठी आप्पांनी गाडीला नवीन सीटकव्हर शिवून घातली होती, मोतिया रंगाची. सहा महिने झाले, वर काही अंथरल्याशिवाय कुणाला बसू दिलं नव्हतं. स्वतःसुद्धा खाली जुनं धोतर टाकून बसायचे.

ताई दुकानात शिरल्या तेव्हा मी तिथंच होतो. त्या बसल्याच नाहीत. "दादा, वैजूची गाडी आमी दुसरी केली."

आप्पांच्या हातातून झाकण निसटलं. स्टीलचं होतं, बराच वेळ गोल फिरत वाजत राहिलं. 

"कामून?"

"व्याह्यांनी तुझा बॅनर बघितला. म्हणाले, असल्या पळपुट्या... असल्या पळवणाऱ्या माणसाच्या गाडीत आमची सून बसणार न्हाई."

"अगं खोटं हाय ते! जीप होती ती!"

"मग सत्कार कशाचा घेतलास? खोट्याचा?"

आप्पा वाकून झाकण उचलायला लागले. उत्तर माझ्याकडं होतं, पण भावाबहिणीच्या मधे मल्टिसर्व्हिसेस चालत नाही.

"मला ठावं हाय रे," ताई जरा खाली आल्या. "तुझी गाडी पळत न्हाई हे मला ठावं न्हाई का? बाळंतपणाला मला घेऊन निघालास तर पोरगी वाटेत दैठण्यालाच होती का काय असं झालतं. पण गुरुसिद्धप्पांना तोंडी सांगून चालत न्हाई. कोर्टानं सोडल्याचा कागद आण म्हणतेत. तो आणला तर वैजू तुझ्याच गाडीत. न्हाईतर न्हाई."

हे गुरुसिद्धप्पा, म्हणजे वैजयंतीचे होणारे सासरे, झरीचे. बियाणं-खताचं दुकान, आणि दुकानात बसून जगाला शिस्त लावायचा छंद. घड्याळ दोन्ही हातांवर घालत नाहीत एवढंच. लग्नपत्रिकेत त्यांनी अक्षतांच्या वेळेखाली रेघ मारून छापून घेतली होती.

तक्रारीची मुदत संपून चार दिवस झाले होते. आप्पा आणि मी योगीराज वकिलांकडं गेलो. वकीलसाहेबांच्या मागं कपाटभर जाड पुस्तकं आहेत. त्यातलं एक मी एकदा उघडलं होतं तर पानं जोडलेलीच होती.

"भरून टाका," वकीलसाहेब म्हणाले. "दोन हजारांसाठी कोर्ट? पेट्रोल तेवढ्याचं जाईल. तुमच्या गाडीला नसेल जात, पण टाइम?"

"भरलं म्हणजे काय होतंय?"

"कबूल केलं असं होतंय."

"मग न्हाई."

"बरं, लोकअदालतीपर्यंत थांबा. निम्म्यात मिटवून देतो."

आप्पा सावरून बसले. चेहऱ्यावर आशा आली. "निम्म्यात? म्हणजे कागदावर अठ्ठेचाळीस येतेल?"

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"अठ्ठेचाळीस चालंल महेश्वरीला," आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले. "म्हणजे जरा जास्तच हाय, पण सांगता येईल की उतार होता."

"आप्पा," वकीलसाहेब म्हणाले, "निम्मा होतो तो दंड. वेग नाही होत निम्मा. वेग शहाण्णवच राहतो."

"मग उपेग काय त्याचा?"

वकीलसाहेबांनी तिसरा रस्ता सांगितला. गाडी दुसरा कुणीतरी चालवत होता म्हणायचं. एखादा भाचा, पुतण्या. यावर आप्पा उठूनच उभे राहिले. "आत नवरी बसल्याली, आन गाडी दुसऱ्याच्या हातात? हे मी कोर्टात सांगू? त्यापेक्षा शहाण्णव परवडले!" सत्यासाठी माणूस इतका पेटलेला बघून मला बरं वाटलं असतं, पण बॅनर अजून चौकात होता. चित्त्यासकट.

राहिला शेवटचा रस्ता: कोर्टात उभं राहून लढायचं. न कापलेला फोटो काढायचा आणि लिंबाजीला साक्षीला आणायचं.

लिंबाजीला आम्ही झरीत त्याच्या ओट्यावर गाठलं. सगळं ऐकून म्हातारा गंभीर झाला. "म्हंजी सरकारचं म्हणणं हाय की म्या शहाण्णवनं पळालो?"

"असंच काहीसं."

"आन गुडघ्याचं आपरेशन कुणाचं झालंय मग?" त्यानं धोतर वर करून पुरावा दाखवला. "येतो की. म्या काय चोर हाय का पळायला? पर मला गाडी लागती. हळू चालवा म्हंजी झालं."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. किती दिवसांनी त्यांना कुणी हळू चालवा म्हणालं होतं.

परभणीच्या कोर्टात अकराचा पुकारा होता. इतर लोक नवाला निघाले असते. आम्ही उजाडायच्या आत निघालो. आधी झरी, लिंबाजी, मग परत परभणी. पोचून बघतो तर बाकांवर टपरीची सगळी पोरं हजर. आमच्या पुढं निघून गेलेल्या एस.टी.नं आली होती. पुढच्या बाकावर दत्ता, फोन बंद ठेवावा लागल्यामुळं दुःखी.

न्यायासनावर मॅडम होत्या, तरुण. त्यांनी फोटो बघितला, जीप बघितली, लिंबाजी बघितला. ओठांचा कोपरा हलला. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात वेगाच्या कॅमेऱ्यावर असलेले हवालदार उभे राहिले.

"मॅडम, एक विनंती. यांनी वेग आधीच कबूल केलेला आहे." आणि त्यांनी बॅनरचा फोटो पुढं केला. गॉगल, चित्ता, फेटा, सगळं. "जाहीर सत्कार घेतलाय."

मॅडमनी बॅनर वाचला. मोठ्यानं वाचला. "शासनदरबारी नोंद झाल्याबद्दल." कोर्टात हसायचं नसतं, म्हणून सगळे खोकले.

"हे तुम्हीच?"

"गॉगल माझा न्हाई, मॅडम," आप्पा म्हणाले.

"फेटा?"

"फेटा माझा."

"म्हणजे शहाण्णवचा सत्कार तुम्ही स्वीकारलात, आणि आता म्हणताय शहाण्णव नव्हते. मग खरं सांगा. तुम्ही गाडी किती वेगानं चालवता?"

योगीराज वकील खालून कुजबुजले, "पन्नास-पंचावन्न म्हणा, इज्जत राहते." आप्पांनी मागं बघितलं. बाकावर दत्ता आणि पोरं पुढं झुकून बसलेली. चाळीस वर्षांची गोगलगाय आणि तीन आठवड्यांची बादशाही, दोन्हींचा हिशोब त्या एका उत्तरात होणार होता. आणि अर्धवट खोटं बोलायची सोयही होती. पन्नास म्हटलं तरी सुटले असते. आप्पांचे ओठ पन्नासच्या 'प' वर आलेले मी बघितले.

मग ते म्हणाले, "पस्तीस."

"मोठ्यानं बोला."

"पस्तीस!" आप्पा ओरडलेच. "उतारावर चाळीस. त्याच्या वर माझी गाडी कधी गेली न्हाई, मी जाऊ दिली न्हाई. म्हशी माझ्या पुढं जातेत, मॅडम. सायकली जातेत. ही पोरं मला गोगलगाय म्हणतेत, ते खरं हाय. ह्या बॅनरवर लिव्हलंय ते खोटं हाय, आन ते खोटं हाय हे मला ठावं होतं. पर एकदा... एकदा बरं वाटलं."

या वेळी कुणी खोकलं नाही. दत्ता आपल्या चपलेकडं बघत होता. चप्पल नवीन नव्हती.

लिंबाजीची साक्ष छोटी झाली. "तुम्ही किती वेगानं चालत होता?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "सांगून कळायचं न्हाई, दाखवतो." आणि हात खिडकीवर ठेवल्यासारखा धरून कोर्टाच्या या भिंतीपासून त्या भिंतीकडं निघाला. तो मधोमध पोचेपर्यंत मॅडमनी निकाल लिहायला घेतला होता. "बसा आता," त्या म्हणाल्या. "आलोच, मॅडम," लिंबाजी म्हणाला, आणि भिंतीला हात लावूनच परतला. चलान रद्द झालं.

निकालाची नक्कल हातात पडली तेव्हा त्यात आप्पांचा जबाबही आला होता: वाहन कायम ताशी पस्तीस किलोमीटर वेगाने चालवतो. आप्पांनी मला त्याची प्लास्टिकची प्रत करायला लावली. या वेळी काही कापायला सांगितलं नाही. बॅनर त्यांनी स्वतः शिडीवर चढून काढला. आता तो दुकानात पातेल्यांवर झाकायला वापरतात, चित्त्याची बाजू आत.

मंडप झरीला होता, तरी लग्नाच्या दिवशी गुरुसिद्धप्पा स्वतः गंगाखेडला हजर. "कागद बघितला. पण मी समक्ष बसून बघणार. शिस्त म्हणजे शिस्त." असं म्हणून ते पुढच्या सीटवर बसले, मोतिया कव्हरवर. मागं वैजयंती, मधे चन्नबसम्माकाकू, आणि कडेला मी, मांडीवर कोर्टाचा कागद. वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला, असं आप्पांचं म्हणणं. महेश्वरीताई खिडकीशी आल्या. भावाशी मघापर्यंत तोऱ्यात होत्या. आता "दादा, लेक तुझ्या हवाली," एवढं म्हणून पदर तोंडाला लावला.

गाडी निघाली. पोखर्णीपर्यंत गुरुसिद्धप्पा समाधानानं मान हलवत होते. "हां. अशी पाहिजे. वेग म्हणजे संयम." परभणीच्या अलीकडं त्यांनी पहिल्यांदा घड्याळ बघितलं. परभणी ओलांडताना दुसऱ्यांदा. जिंतूर रोडला लागलो आणि मग ते घड्याळावरून डोळे काढीनात. मंडपातून फोन यायला लागले. स्वामी उभे होते, नवरदेव उभा होता, पाव्हणे अक्षता मुठीत धरून उभे होते आणि त्यांच्या मुठींना घाम आला होता.

"आप्पा, जरा दाबा की."

"काय दाबू?"

"पायाखालचं! वेळ चाललाय!"

"व्याही, कोर्टात लिहून आलंय. सुगत, दाखव रे."

मी कागद पुढं केला. गुरुसिद्धप्पांनी तो बाजूला सारला. "ओ, पन्नास तरी! पन्नासला काय होतंय? रस्ता मोकळा हाय!"

"मामा, सावकाश," मागून वैजयंती म्हणाली. मुंडावळ्यांच्या आड ती हसत होती. तिच्या मुंडावळ्या हलत नव्हत्या.

झरीच्या अलीकडं लिंबाखाली कॅमेऱ्याची गाडी उभी होती. तेच हवालदार. आमची गाडी बघून ते कॅमेऱ्यामागून बाहेर आले आणि दोन्ही हातांनी "चला, चला" करायला लागले. आप्पांनी त्यांना नमस्कार केला. नमस्कार नीट व्हावा म्हणून गाडी जरा हळू केली.

मग शीव आली. लिंबाजी उभाच होता, धुतलेल्या धोतरात. काकूंनी नारळ काढून आप्पांकडं दिला. लिंबाजीनं खिडकीला हात लावला आणि चालायला लागला. त्याचा गुडघा त्या दिवशी जास्तच दुखत होता, तेव्हा गाडीही त्या बेतानं.

पुढून मंडपातली वाजंत्री ऐकू येत होती. वेळ झाल्यावर वाजवतात ती. गुरुसिद्धप्पांना घाम फुटला. "थांबवा गाडी, मला उतरू द्या! मी पुढं जाऊन सांगतो, स्वामींना धरून ठेवतो!"

"शिवेवर नवरीची गाडी थांबत न्हाई, व्याही. अपशकुन असतोय."

गुरुसिद्धप्पांनी आप्पांकडं बघितलं. मग त्यांनी दार उघडलं आणि चालत्या गाडीतून उतरले. धडपडले नाहीत, झोकांडी गेली नाही, टोपीसुद्धा जागची हलली नाही. दार नीट लावलं. आणि धोतराचा सोगा हातात धरून भराभरा चालत गाडीच्या पुढं निघून गेले.

लिंबाजीनं नारळ घेतला, त्यांच्या पाठीकडं बघितलं, आणि आत वाकून म्हणाला, "आप्पा, ह्येंचं चलान येईल बघा."

आप्पांनी हॉर्न दिला, आणि काचेतून डोकं बाहेर काढून व्याह्यांना ओरडून सांगितलं, "सावकाश जावा! पुढं गतिरोधक हाय!"